साडीवर बूट घालणाऱ्या अक्का

अक्का गेल्याची बातमी मला अक्कांच्याच फोनवरून आली. परतूरला सकाळचा स्वयंपाक आटोपून मी ओट्यावर फडकं फिरवत होते, तेवढ्यात फोनवर नाव दिसलं, 'इंदूअक्का'. द्वारकेहून. मी मनात म्हटलं, आता सुरू होणार, समुद्र असा आहे अन् समुद्र तसा आहे… फोन कानाला लावून आधी मीच बोलले, 'बोला अक्का, कुठवर पोचलात?' पलीकडून पुरुषाचा आवाज आला. धर्मशाळेचा व्यवस्थापक होता. हिंदीच, पण गुजरातीच्या चालीवर, आणि फार सावकाश बोलत होता बिचारा. माताजींनी सकाळी चहा घेतला, बेट द्वारकेच्या बोटीला जायचं म्हणून ओसरीवर बसून बूट घातले, नाड्या बांधल्या आणि खांबाला टेकल्या, त्या टेकल्याच. डॉक्टर येऊन बघून गेले होते. फोनला कुलूप होतं, पण काही झालं तर कुणाला कळवायचं तो नंबर कुलूप न उघडता दिसेल असा टाकून ठेवलेला होता. मुलाचा नव्हता, दिराचा नव्हता. माझा होता.

इंदूअक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. विलास हा त्यांचा एकुलता एक मुलगा, संभाजीनगरला नोकरीला. त्याला मीच कळवलं. फोनवर तो मोकळेपणानं रडला, आणि हुंदका आवरता आवरता पहिलं वाक्य काय बोलला, तर, 'काकू, मी म्हणत होतो ना…' मग भोकरदनच्या घरी माणसं जमत गेली तसतसं हेच वाक्य मी एकेकाच्या तोंडून ऐकत गेले. मी म्हणत होतो. आम्ही म्हणत होतो. आमच्या एक चुलत सासूबाई आहेत, घरातल्या सगळ्यात वडील. त्यांनी तर निकालच लावून टाकला, 'घरात ऱ्हायली असती तर घरात मेली असती. एकटीनं हिंडायचे शौक हे. आता बाकीच्या बायांनी धडा घ्या.' बाकीच्या बाया म्हणजे मुख्यतः मी. दिवाळी झाली की अक्का आणि मी, दोघीच, कन्याकुमारीला जाणार होतो, हे साऱ्या भावकीला ठाऊक होतं. आमच्या ह्यांनी त्याच बैठकीत, मला एका शब्दानं न विचारता, ते रद्द झाल्याचं सांगून टाकलं. रडत्या घरात वाद नको म्हणून मी तोंड मिटून बसले.

पण मला एक सांगा. आमच्या घराण्यात घरात मेलेल्या बाया काय कमी आहेत? कुणी चुलीपुढं गेली, कुणी गाडी मिळेपर्यंत ओसरीवर तळमळत गेली, कुणी माजघरातल्या खाटेवर वर्षानुवर्षं पडून गेली. त्यांच्या तेरवीला कुणी म्हणालं का, की घरात बसून राहिली म्हणून असं झालं? नाही म्हणालं. घराला कुणी दोष देत नाही. दोष फक्त रस्त्याला. अक्कांचं हृदय भोकरदनच्या ओसरीवरही त्याच सकाळी थांबलं असतं, असं डॉक्टरांनी विलासला स्वच्छ सांगितलं होतं. तरी घराघरांत आता अक्कांच्या मरणाची गोष्ट बायकांना भीती घालायला सांगितली जाणार, हे मला दिसायला लागलं होतं. ते मला चालणार नाही. म्हणून हे लिहिते आहे. कुणाला राग आला तर येऊ द्या.

मी लग्न होऊन जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या गावी आले तेव्हा अक्का घरातल्या कारभारीण होत्या, पण त्यांच्या अंगावर, हातात, पायात स्वतःची म्हणावी अशी एक वस्तू नव्हती. सगळं उतरलेलं. आमच्याकडे ही रीतच आहे. नवी वस्तू आधी पुरुषाच्या हातात येते, त्याचा जीव भरला की खाली सरकते, आणि शेवटी घरातल्या बाईपाशी येऊन थांबते, कारण तिच्या खाली कुणी नसतं. घड्याळाचं तेच, छत्रीचं तेच, बॅटरीचं तेच. माहेरी जायचं तर अक्कांची पिशवी कुठली? खताच्या दुकानातून फुकट मिळालेली, वर कंपनीचं नाव आणि कपाशीचं बोंड. ती खांद्याला लावून त्या जीपच्या मागच्या फळीवर बसायच्या, अन् आम्हाला कुणालाच, मला धरून, त्यात काही वावगं वाटायचं नाही.

पुढं घरात मोबाइल आले तेव्हाही तीच गत. विलासनं नवा घेतला की जुना त्याच्या वडिलांना, म्हणजे आमच्या थोरल्या भाऊजींना, आणि भाऊजींचा अक्कांना. तोवर त्या फोनमध्ये काय उरणार? अक्कांच्या एका फोनचं पाचाचं बटणच चालायचं नाही. म्हणजे ज्यांच्या नंबरात पाच नाही अशाच नातेवाइकांशी त्यांना आपणहून बोलता यायचं. सख्ख्या बहिणीच्या नंबरात पाच होता. तिचा फोन येईपर्यंत अक्का वाट बघत बसायच्या. 'अहो अक्का, विलासला सांगा की दुरुस्त करून आण म्हणून,' असं मी म्हटलं तर म्हणाल्या, 'त्याला कशाला तरास. करती की ती फोन.' अशा होत्या त्या तेव्हा. हे मुद्दाम सांगते, नाहीतर वाचणाऱ्याला वाटायचं की बाई जन्मापासूनच तिखट होती.

थोरले भाऊजी भोकरदनला शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर वर्षभर अक्का घराबाहेर पडल्या नाहीत. मग एक दिवस म्हणाल्या, मला नर्मदा बघायची आहे, ओंकारेश्वरची. सगळ्यांनी मान डोलावली, म्हातारपणी देवधर्म बरा. विलासनं आईसाठी प्रेमानं एक चाकांची पेटी मागवली. लाल, चकचकीत, दांडा वर ओढायची. पोराची माया खरीच होती, पण ती निवडताना त्यानं त्याचा विमानतळ डोळ्यांपुढं ठेवला होता, आमचा रस्ता नाही. अक्का निघाल्या आमच्या जाफराबादकडच्या गावातून, देवाला नारळ फोडून. पाऊस होऊन गेलेला. घरापासून डांबरी रस्त्यापर्यंत आमची काळी माती. जराशा अंतरात त्या चाकांना माती अशी धरली, अशी धरली, की चाकं दिसेनात. ओढली तर पेटी नांगरासारखी चालायला लागली, मागं चर पडला. अक्कांनी इकडं तिकडं बघितलं, पदर गुंडाळून डोक्यावर ठेवला आणि ती विलायती पेटी दांड्यासकट डोक्यावर घेऊन चालू पडल्या. बांधावरच्या बाया हसून हसून बेजार झाल्या. मी मागून चिखल तुडवत येत होते, मलाही हसू आवरेना. अक्का मात्र हसल्या नाहीत. एसटीत ती पेटी वर ठेवायला त्यांना दोन परक्या माणसांना हात जोडावे लागले, उतरवायला पुन्हा दुसऱ्या दोघांना.

ओंकारेश्वरहून आल्यावर त्या मला म्हणाल्या, 'शोभा, आजपासून आपलं एक ठरलं. जे मला एकटीला उचलून वर ठेवता येत न्हाई, ते माझं सामान न्हाई. कुणी का दिलेलं असंना.'

आणि तिथून त्यांचं निवडणं सुरू झालं. काय सांगू तुम्हाला… जालन्यात प्रवासाच्या सामानाचं एक दुकान आहे, बॅगांपासून बुटांपर्यंत. मालक राजस्थानकडच्या घराण्यातले, पण पिढ्यानपिढ्या इथलेच, आम्ही त्यांना शेठजी म्हणतो. तिथं अक्का मला घेऊन गेल्या, आणि हातात एक जड कापडी पिशवी. मला वाटलं बाजार करून आणला. दुकानात बसल्यावर पिशवीतून त्यांनी घरची तुरीची डाळ काढली, मोठ्या पुड्यात बांधलेली. शेठजींनी दाखवलेल्या प्रत्येक पाठीवरच्या बॅगेत ती डाळ घालायची, बॅग पाठीला लावायची आणि दुकानाबाहेरच्या गल्लीत एक फेरी मारायची. गल्लीतली माणसं बघायला लागली. मग परत येऊन स्टुलावर चढून ती बॅग शेठजींच्या सगळ्यात वरच्या फळीवर स्वतः ठेवायची, स्वतः उतरवायची. मग डोळे मिटून चेन उघडायची, लावायची. एसटीत दिवे नसतात, तेव्हा चाचपडून हाताला लागलं पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. शेठजी बिचारे घामाघूम. म्हणाले, 'अक्का, गिऱ्हाईक आधी रंग बघतं. तुम्ही रंगाचं नावच काढून नाही राह्यल्या.' त्यावर अक्का म्हणाल्या, 'रंग काय मला एसटीत चढवणार हाये का?' शेवटी मातकट रंगाची एक घेतली. मळखाऊ आहे म्हणून मी कौतुक केलं, तर म्हणाल्या, ते काही मी बघितलंच नाही.

पाण्याची बाटली त्यांनी दुकानातच भरून मागितली आणि शेठजींच्या गादीवर उलटी धरली. एक थेंब पडला. ती परत. दुसरी धरली, शेठजींनी आपली गादी हळूच मागं ओढून घेतली. बॅटरी घ्यायची तर ती मान आणि खांदा यांच्यामध्ये धरून बघायची, कारण कडी लावताना बाईचे दोन्ही हात मोकळे लागतात. बुटांचं तर महाभारत झालं. बायकांचे म्हणून जे बूट दुकानात होते ते सगळे निमुळते, गुलाबी, वर चमकी. अक्कांचे पाय शेतात वावरलेले, पंजा रुंद. त्यांनी सरळ पुरुषांच्या फळीकडं बोट केलं. शेठजींचा नोकर म्हणाला, मावशी, ते जेन्ट्सचे आहेत. अक्का म्हणाल्या, पायाला कुठं कळतंय. आणि त्या दिवसापासून नऊवारीखाली काळे बूट. देवळात बूट, लग्नात बूट, बाजारात बूट. भोकरदनच्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. चुलत सासूबाई म्हणाल्या, शोभत नाही. अक्का म्हणायच्या, चालताना पाय दुखत नाहीत, शोभेचं तुम्ही बघा. काही दिवसांनी हसणाऱ्यांपैकीच दोघी-तिघी हळूच विचारायला आल्या, कुठल्या दुकानातून घेतले म्हणून.

सगळंच काही त्यांचं बरोबर निघायचं असं नाही बरं का. एकदा त्यांनी घडीचं स्टूल घेतलं, फलाटावर जागा मिळत नाही म्हणून. जालना स्टेशनवर भर गर्दीत त्यावर बसल्या आणि स्टूल घडी झालं, बाईसकट. मी उचलायला धावले. त्या खाली बसूनच हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. घरी सगळ्यांना सांगू नको म्हणतील असं मला वाटलं होतं. पण घरी गेल्यावर त्यांनीच साऱ्यांना रंगवून सांगितलं. विलास म्हणाला, 'आई, मला विचारलं असतंस तर चांगलं आणून दिलं असतं.' तेव्हा त्या हसायच्या थांबल्या. म्हणाल्या, 'तू आणलेल्यावरनं पडले असते तर तुला बोल लावला असता बाबा. हे मी निवडलेलं हाये. माझं मी पडले, माझं मी उठले.' विलासला ते लागलं असावं. पण मला तेव्हा एक कळलं. चुकीची वस्तू निवडायचा हक्कसुद्धा माणसाला लागतो, अन् आम्हा बायांना तो कुणी कधी दिलेलाच नव्हता, कारण आमच्या हातात निवडच नव्हती.

फोन घ्यायला गेलो तो दिवस तर मी विसरायची नाही. दुकानातला तरुण अक्कांकडं बघून म्हणाला, आजी, तुम्हाला मोठ्या बटणांचा साधा देतो, बोलण्यापुरता. अक्का म्हणाल्या, मोठी बटणं तुझ्या आजीला दे, मला नकाशा बघायचा आहे. मग एकेक फोन घेऊन त्या दुकानाबाहेर उन्हात जाऊन उभ्या. उन्हात अक्षर दिसलं तर फोन चांगला. दुकानातला तो पोरगा मागं मागं, ही आजी फोन घेऊन पळते की काय म्हणून. बोटाचा ठसा घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र पंचाईत झाली. अंगठा लागेना, तर्जनी लागेना. जन्मभर कापूस वेचून, भांडी घासून बोटांवरच्या रेघाच उरल्या नव्हत्या. फोन आपला म्हणतोय, ओळख पटत नाही. पोरगा म्हणाला, सोडा आजी. अक्कांनी दहाही बोटं लावून बघितली. शेवटी करंगळी लागली. कामाला कधी न लागलेली करंगळी… तेव्हापासून त्या फोन उघडायला करंगळी टेकवायच्या, एखादी मोठी बाई अत्तराला बोट लावते तशी. मला दर वेळी हसू यायचं, आणि हसता हसता नजर त्यांच्या बाकीच्या बोटांकडं जायची.

त्या फोनवर नकाशा बघत त्या कुठं कुठं जाऊन आल्या. गिरनार, अमरकंटक, पुष्कर. आधी बायांच्या घोळक्यात, मग दोघी-तिघींत, मग एकट्या. परत आल्या की परतूरला उतरायच्या, माझ्या स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसायच्या आणि सगळं सांगायच्या. देवाचं कमी, वाटेचं जास्त. कुठल्या स्टेशनावर चार्जिंगची जागा बाकापासून किती लांब आहे, कुठल्या धर्मशाळेची कडी आतून लागत नाही. ऐकता ऐकता माझी भाजी करपायची. मला जायचं होतं हो. फार जायचं होतं. पण आमच्या ह्यांना जेवायला मलाच वाढावं लागतं, बदली माणूस चालत नाही. गेल्या उन्हाळ्यात अक्कांनी ह्यांच्यासमोरच विषय काढला. 'भाऊजी, दिवाळीनंतर शोभाला घेऊन कन्याकुमारीला जाते. तीन समुद्र एका जागी हायेत तिथं. तुम्ही डबा लावून घ्या.' वहिनीच्या शब्दाला हे नाही म्हणू शकले नाहीत. हो म्हणाले. द्वारकेला निघताना अक्का मला म्हणाल्या होत्या, आल्यावर तुझ्या पाठीला लागणारी बॅग बघायला जालन्याला जाऊ, डाळ तू आण.

ते राहिलं.

विलास आणि हे गाडी करून द्वारकेला गेले. अंत्यसंस्कार तिथंच केले आणि अस्थी घेऊन परत आले. ते गाडीतून उतरताच मी आधी विचारलं, अक्कांची बॅग? हे म्हणाले, मेलेल्या माणसाचं सामान घरात कशाला आणायचं, तिथंच देऊन टाकलं. बूट? बूटही. फोन तेवढा विलासनं खिशात ठेवला होता. मी आत जाऊन मोरीत उभी राहून रडले. ज्या बाईनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हातानं काही निवडलं, तिचं ते सामान कुणाला दिलं हेही त्या दोघांना धड सांगता येईना.

आणि मग आला तेरवीच्या दानाचा प्रश्न. आपल्यात गेलेल्या माणसाच्या वाटेसाठी सामान देतात. छत्री, चपला, अंथरूण, तांब्या, बॅटरी. वाट लांबची असते, ऊन असतं, काटे असतात, अंधार असतो असं म्हणतात, म्हणून गुरुजींच्या हातून ते त्या माणसाला पोचवायचं. विलास आणि मी सामान आणायला गेलो. दुकानात तयार गठ्ठा मिळतो, सगळं एकात बांधलेलं. विलासनं तोच मागितला. मी म्हटलं, सोडा, बघू दे. छत्री उघडली तर एक काडी निखळून माझ्या हातात आली. चपला कागदासारख्या. अंथरूण बाहुलीला पुरेल एवढं. बॅटरीत सेलच नाही. दुकानदार म्हणाला, बाई, हे कुणी वापरत नाही, रीतीपुरतं असतं, तेरवी झाली की हेच परत आमच्याकडं येतं. म्हणजे ही छत्री तालुक्यातल्या कितीजणांच्या डोक्यावर धरून झाली होती कोण जाणे.

विलास म्हणाला, 'काकू, रीत हाये. बांधून घ्या, अजून बरीच कामं पडलीत.'

मी तिथं ताडकन उठले. म्हटलं, 'तुझ्या आईनं एक बाटली घेताना शेठजीची गादी भिजवली. अन् तिला हे घेऊन पाठवतो? आयुष्यभर उतरलेलंच वापरलं तिनं. मेल्यावर पण उतरलेलंच?'

विलास उठला. गाडीत बसला आणि त्यानं गाडी जालन्याकडं वळवली. मी काही सांगितलं नव्हतं.

शेठजींना बातमी कळली होती. ते उठून उभे राहिले, हात जोडले. मी सांगितलं, अक्कांसाठी बॅग बघायची आहे. त्यांनी ना 'कशाला' विचारलं ना 'कसली'. फळीवरच्या बॅगा उतरवून पुढं ठेवत गेले. डाळ मी आणली नव्हती, तर विलासनं समोरच्या किराणा दुकानातून आणली. मी बॅग पाठीला लावून गल्लीत फेरी मारली, वरच्या फळीवर ठेवली, उतरवली. पुरुषांच्या फळीवरचे रुंद पंज्याचे बूट घेतले. बाटली उलटी धरली. छत्री गल्लीतल्या वाऱ्यात उघडून धरली. मी बुटांच्या नाड्या बघत होते, तेव्हा सहज मागं वळले, तर विलास बाकावर बसून, डोळे मिटून, बॅगेची चेन लावत होता, उघडत होता. पुन्हा लावत होता. डोळे तसेच मिटलेले. गाल ओले.

म्हणाला, 'काकू, ही इथं कोपऱ्यात अडकते. आईनं घेतली नसती. दुसरी बघा.'

दुसरी बघितली. ती अडकली नाही. मी शेठजींना म्हटलं, 'हे सगळं दोन-दोन द्या.'

विलासनं डोळे पुसले आणि विचारलं, दुसरं कुणाला. मी म्हटलं, मला. तो माझ्याकडं बघत राहिला. मला वाटलं आता म्हणेल, काकू, आता कसलं जाताय, काका काय म्हणतील. पण त्यानं डाळीचा पुडा उचलून दुसऱ्या बॅगेत घातला.

तेरवीला भोकरदनच्या अंगणात मांडव होता. सगळी भावकी हजर. दोन्ही बॅगा, दोन्ही बुटांचे जोड, दोन्ही छत्र्या मी पाटाशेजारी मांडल्या. आत कुठंतरी ठेवता आल्या असत्या माझ्या वस्तू. ठेवायच्या नव्हत्या. गुरुजींनी ते पाठीवरचं सामान आणि काळे बूट बघितले आणि जरा अडखळले, पण विलास त्यांना म्हणाला की आई हेच वापरायची. संकल्प झाला. पहिलं सामान विलासनं पाणी सोडून दिलं. चुलत सासूबाई मागं बसून कुणाला तरी सांगत होत्या, इतक्या मोठ्यानं की मला ऐकू यावं, 'एवढं करून गेली ना शेवटी परमुलखात. बायांनी आता तरी शहाणं व्हावं.' हे मान हलवत होते.

गुरुजींनी दुसऱ्या बॅगेकडं हात केला. ही पण यांच्याच नावानं का, म्हणाले.

मी म्हटलं, 'न्हाई गुरुजी. ती माझी हाये. दिवाळी झाली की मी कन्याकुमारीला चालले.'

आमच्या ह्यांनी मान वर केली. मी चुलत सासूबाईंकडं बघत राहिले, नजर खाली घातली नाही. आता जे बोलायचं ते बोला म्हटलं मनात, मी ऐकायला बसले आहे.

उठला तो विलास. ओल्या हातानंच त्यानं माझी बॅग उचलली, एका हातात उचलून तिचं वजन बघितलं, आणि सगळ्यांच्या मधून चालत जाऊन दारापाशी उभी करून ठेवली. मग परत येऊन छत्री माझ्या हातात दिली.

'काकू, तिकडं दिवाळीच्या टायमाला पाऊस असतो,' तो म्हणाला. 'ही वरच्या कप्प्यात ठेवा. जल्दी निघंल अशी.'